तक्रार नसलेला रुग्ण



होमिओपॅथीत रुग्णाला बोलतं करणं हीच अर्धी चिकित्सा. डोकं कधी दुखतं, शेकल्यानं बरं वाटतं की गार वाऱ्यानं, हेच मी पस्तीस वर्षं विचारत आलो. आज मात्र मी अशा रुग्णाविषयी बोलणार आहे, ज्याला सांगायला काहीच नाही.

दक्षिण चीनमधल्या कँटोनी लोकांत नाकाच्या मागं, घशाच्या वरच्या टोकाला एक कर्करोग होतो. जगात बहुतेक ठिकाणी तो विरळ आहे. त्यामागे एपस्टाईन-बार हा विषाणू असतो. बहुतेक प्रौढांच्या अंगात तो निमूट राहतो, मग तिथंच का बिघडतो? त्याची कारणं आनुवंशिकतेत शोधतात, तशीच लहानपणापासून खाल्लेल्या खारवलेल्या माशांतही. (चिनी पद्धतीच्या माशांबद्दल बोलतोय; समोरच्या सारस्वत मंडळींचे चेहरे पाहून खुलासा केला.) रोग अडचणीच्या जागी दडलेला. पुष्कळदा मानेत गाठ हाताला लागते तेव्हाच कळतो.

रक्त यंत्रात फिरवलं की पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी उरतं. तोच प्लाझ्मा. गर्भवतीच्या प्लाझ्मात बाळाचा डीएनए तरंगत असतो, हे डेनिस लो यांनी १९९७ साली दाखवलं. पुढं हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याच पाण्यात या विषाणूच्या डीएनएचे तुकडे शोधले. ४० ते ६२ वयाचे, कसलीही तक्रार नसलेले २०,१७४ पुरुष त्यांनी तपासले. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले.

१,११२ जणांच्या रक्तात तुकडे सापडले. मला खरी शहाणपणाची वाटते ती पुढची पायरी. कोणालाही लगेच रोगी ठरवलं नाही. सुमारे चार आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतलं. निरोगी माणसातही विषाणू मधूनच डोकं वर काढतो, पण गाठ असेल तर तुकडे येतच राहतात. दुसऱ्या वेळी ३०९ उरले. त्यांना दुर्बिणीची तपासणी आणि एमआरआय सुचवलं. कर्करोग निघाला ३४ जणांना. त्यांतले ७१ टक्के पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातले; हाँगकाँगच्या एरवीच्या रुग्णांत हे प्रमाण २० टक्के होतं. तीन वर्षांनी रोग न वाढलेले ९७ टक्के, एरवी ७०.

उरलेल्यांपैकी बहुतेकांना मात्र कर्करोग नव्हता. मधल्या आठवड्यांत त्यांची झोप कशी लागली असेल, हे तक्त्यात मावत नाही. उलट, रक्त स्वच्छ निघालेल्या एकाला वर्षाच्या आत हाच रोग निघाला. म्हणजे खूण ती खूण, निदान नव्हे. दोन्ही बाजूंनी.

परवा एक गृहस्थ फाईल घेऊन आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मला होत काहीच नाही, पण रिपोर्टात एका आकड्यापुढं चांदणी आहे." पूर्वी हसून चार गोड गोळ्या दिल्या असत्या. या वेळी पुन्हा रक्त द्यायला सांगितलं, त्या विषयाच्या तज्ज्ञाच्या नावे चिठ्ठी लिहिली. गोळ्या दिल्या नाहीत. ते जरा नाराज होऊनच गेले.