काकांची पेटी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील सायंकाळच्या कार्यक्रमात सजावट समितीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही सजावटीची मंडळी. दरवर्षी मखराच्या मागे असतो, पुढे येऊन बोलायची आम्हाला सवय नाही. आज बोलायला उभे राहिलो, त्याला कारण ही टेबलावरची लाकडी पेटी. डांडिया बाजारातल्या एका घरातून ती आली. त्या घरातले काका प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. काका गेले, मुलं परदेशी, आणि पेटी भंगारवाल्याने किलोच्या भावाने मागितली. काकूंनी आम्हाला बोलावलं आणि म्हणाल्या, "घेऊन जा रे, पण वापरा. नुसती ठेवायची असेल तर इथेच राहू दे."

दुसरं कारण सांगायला जड जातं. गेल्या वर्षी मखराची चौकट करताना आम्ही एका अकरावीतल्या मुलाच्या हाती कानस दिली. तिला मूठ नव्हती. मुठीत बसणारं जे निमुळतं टोक असतं, तेच त्याच्या तळहातात घुसलं. तीन टाके पडले. चूक पोराची नव्हती, आमची होती. आमच्यातले काही जण डिप्लोमा झालेले. मुठीशिवाय कानस हातात घ्यायची नाही, हे पहिल्याच सत्रात फिटिंग शॉपमध्ये शिकलेले. गडबडीत विसरलो. (तेव्हा फाईल म्हटलं की कानस आठवायची. आता सरकारी नोकरीत फाईल म्हणजे काय, ते तुम्ही जाणताच.)

आपल्या गावात हत्यारं विसरली जावीत, हे तसं नवलच. महाराज सयाजीरावांनी १८९० साली इथे कलाभवन काढलं. हाताचं आणि यंत्राचं शिक्षण, तेही देशी भाषेतून द्यायचं, ही कल्पना त्या काळी धाडसाची होती. पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ, पण सुरतेच्या सुतार कुटुंबातले. पुढे १९०७ साली अलेंबिक कारखाना उभा राहिला, त्यात गज्जरांबरोबर आपले कोटिभास्कर होते. दादासाहेब फाळके कलाभवनात शिकून गेले. १९४९ नंतर त्याच कलाभवनाची विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा झाली. आपल्यापैकी किती घरांतले आजोबा, वडील तिथून शिकून बाहेर पडले, ते मोजायला बसलो तर आरती राहून जाईल.

आता पेटी उघडू. वरच्या कप्प्यात सुतारकामाची हत्यारं आहेत. ही पटाशी. मागची बाजू अगदी सपाट, पुढची उतरती, आणि धारेचा कोन पंचवीस ते तीस अंशांचा. हिच्यामागे लोखंडी हातोडी नको, लाकडी मोगरी हवी, नाहीतर मूठ फुटते. आणि दोन्ही हात कायम धारेच्या मागे. बोथट पटाशी निरुपद्रवी वाटते, पण जखमा तिनेच जास्त होतात, कारण जोर लावावा लागतो आणि मग ती सटकते. काकांच्या पटाशा अजून कागद कापतात. पेटीत तेलाचा दगड आहे, त्याचा मधला भाग घासून खोल गेलाय. किती वर्षं घासला असेल!

हा रंधा. पातं केसाएवढंच बाहेर ठेवायचं आणि लाकडाच्या रेषांच्या कलाने चालवायचा. उलटा चालवलात तर लाकूड उचकटतं. काम झालं की रंधा आडवा ठेवायचा, पात्यावर उभा नाही. करवतीचे दात नीट पाहा, एक किंचित डावीकडे झुकलेला, पुढचा उजवीकडे. त्यामुळे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि करवत अडकत नाही. आपले जुने सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने धरून, करवत स्वतःकडे ओढत कापायचे. विलायती करवत पुढे ढकलताना कापते. आमच्यातल्या एकाला वर्षभर वाटत होतं की आजोबांची करवत बिघडली आहे. बिघडलं काही नव्हतं, तो ती उलट चालवत होता.

ज्यांना हे काम डोळ्यांनी पाहायचंय, त्यांनी रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात जावं. लोक तिथली भित्तिचित्रं पाहतात. आमचं म्हणणं, जरा खांबांकडे आणि तुळयांकडेही पाहा. विजेचं एकही यंत्र नसताना झालेलं काम आहे ते.

खालचा कप्पा जड आहे, तो लोखंडकामाचा. एका बाजूला गोल डोक्याची हातोडी, छिन्नी, कानशी, हॅकसॉ. छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून फुलासारखं पसरतं. ते घासून काढायचं, नाहीतर त्याचा कपचा उडून डोळ्यात जातो. हॅकसॉच्या पानाचे दात पुढच्या दिशेला हवेत. जाड सळईला इंचाला अठरा दातांचं पान चालतं, पातळ पाइपला चोवीस किंवा बत्तीस दातांचं घ्या. निदान तीन दात एका वेळी धातूवर टेकले पाहिजेत, हा हिशेब. नाहीतर दात तुटतात आणि आपण पानाला शिव्या देतो.

कानस फक्त पुढे जाताना कापते. परत आणताना दाबायची नाही. ॲल्युमिनियम घासताना तिच्यावर खडू फिरवा, म्हणजे कीस दातांत अडकत नाही. कानस कठीण असते, म्हणूनच ठिसूळ. तिने काही उचकटायला गेलात किंवा तिच्यावर हातोडी मारलीत, तर काचेसारखी तुटते. कोपरा काटकोनात आला की नाही, ते हा गुण्या लावून उजेडाकडे धरून पाहायचं. फटीतून उजेड दिसला तर पुन्हा घासा. आम्हाला डिप्लोमाला एक लोखंडी चौकोन असा आठवडाभर घासायला लावला होता. तेव्हा छळ वाटला. आता वाटतं, तो आठवडा फुकट गेला नाही.

नावांचं एक बोलायचं आहे. बडोद्यात आपली मुलं स्क्रू पिळायच्या हत्याराला डिसमिस म्हणतात, पटाशीला फरसी, गिरमिटाला शारडी. आम्हीही म्हणतो. दुकानात तेच चालतं, त्यात वावगं काही नाही. कानस, करवत, पक्कड तर दोन्ही भाषांत एकच. पण पटाशी, मोगरी, गुण्या हे शब्द हत्याराबरोबरच घरातून जातायत. पेटी भंगारात गेली की शब्दही गेला, मग तो शिकवायचा कशावर? खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो, आणि हल्ली पूजेला मांडायला घरात सुरी आणि कात्रीच सापडते.

म्हणून ही पेटी मंडळाच्या खोलीत राहील, कुलपाशिवाय. ज्याला जे लागेल ते त्याने वहीत लिहून न्यावं आणि परत आणावं. प्रत्येक कानशीला आता मूठ आहे, आम्ही तपासली आहे. गेल्या वर्षी टाके पडलेला तो मुलगा समोर बसलाय. या वर्षीच्या मखराचे सांधे त्यानेच बसवले.

उद्या सकाळच्या आरतीनंतर आम्ही इथेच बसणार आहोत. कुणाच्या घरची हातोडी दांड्यात हलत असेल, पटाशी बोथट झाली असेल, तर घेऊन या. पाचर मारून देऊ, धार लावून देऊ. मुलांना बरोबर आणा. दगडावर पाणी नाही, तेल टाकतात, एवढं त्यांना सांगून ठेवा.