सापळ्यानंतरचा खटला

लाच घेताना रंगेहाथ पकडल्याची बातमी आपण नेहमी ऐकतो. पुढे काय झालं, ते क्वचितच कानावर येतं. सापळ्यातल्या नोटांना लावलेली फिनॉल्फ्थॅलिनची पूड बोटांना चिकटते, सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात ती बोटं बुडवली की पाणी गुलाबी होतं. पण तेवढ्यावर शिक्षा होत नाही. पैसे मागितले होते, हेही सिद्ध व्हावं लागतं, आणि खटला रेंगाळला की नेमका तक्रारदारच फितूर होतो किंवा हयात राहत नाही. म्हणून भ्रष्टाचाराचे खटले चालवणाऱ्या विशेष न्यायालयाचं खरं बळ कडक शिक्षेत नाही, वेगात आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८च्या दुरुस्तीने दोन वर्षांत खटला संपवण्याचा प्रयत्न व्हावा, असं म्हटलं. प्रयत्न, बरं का! उशीर किती होऊ शकतो ते पाहा: बिहारमधला चारा घोटाळा १९९६मध्ये उघडकीस आला. रांचीच्या विशेष न्यायालयाने माजी मुख्यमंत्री लालूप्रसाद यादव यांना पहिल्यांदा दोषी ठरवलं ते २०१३मध्ये. इतक्या उशिराच्या निकालाचा धाक कुणाला वाटणार?

घाईत निरपराध भरडला जाईल, हा आक्षेप रास्त आहे. पण लांबलेला खटला निर्दोष अधिकाऱ्यालाही संशयाखालीच ठेवतो. शिवाय डिसेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने लाचखोरीच्या नीरज दत्ता प्रकरणात दोन्ही बाजू सांभाळल्या: तक्रारदार उलटला तरी परिस्थितिजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते, पण मागणी सिद्ध झालीच पाहिजे. उरतो प्रश्न अधिकाऱ्यावर खटला चालवण्यासाठी लागणाऱ्या सरकारी पूर्वमंजुरीचा. प्रामाणिक अधिकाऱ्याला ते संरक्षण हवंच. मात्र मंजुरीची फाईल अडली, तर विशेष न्यायाधीशाला खटल्याची दखलच घेता येत नाही.