नैराश्याची गोळी आणि माला-एन

नैराश्यावरची गोळी सुरू झाली की माला-एन या गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो का? नाही. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम या नेहमीच्या गोळ्यांनी तो कमी होत नाही. या भीतीपोटी उपचार मध्येच सोडू नका, त्यातच खरा धोका आहे.

सावध राहायचं ते कार्बामॅझेपिन आणि क्षयावरच्या रिफॅम्पिसिनपासून. या औषधांमुळे यकृत माला-एनमधले हार्मोन लवकर संपवतं आणि दिवस राहू शकतात. कार्बामॅझेपिन फिटवर देतात, तसंच काही मनोविकारांतही. म्हणून नाव नीट वाचा. मानसोपचारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ, दोघांनाही सगळ्या गोळ्या दाखवा, संकोच नको. मन फार खचलं तर टेली-मानस हेल्पलाइनच्या 14416 वर मोफत बोला, मराठीतूनही.