जुन्या प्लाझ्मा-संचाची पारख

प्लाझ्मा दूरचित्रवाणी-संच आतां नवा मिळावयाचा नाहीं. पॅनासोनिकनें २०१३ अखेर, तर सॅमसंग व एलजी यांनीं २०१४ सालीं तो करणें थांबविलें. मग कोणी जुना ५० इंची संच देऊं केला, तर तो घेण्याजोगा आहे काय? दुकानाच्या झगमगाटांत त्याची परीक्षा करूं नये. अंधाऱ्या खोलींत रात्रीचें दृश्य लावावें. यांतील ठिपका न् ठिपका स्वतः उजळतो. त्यामुळें काळोख करडा न दिसतां गडद उतरतो आणि क्रिकेटचा धांवता चेंडूहि पुसट होत नाहीं. नंतर पडदा निखळ पांढरा करावा. वृत्तवाहिनीचें बोधचिन्ह त्यावर भुतासारखें उमटलेलें दिसलें, तर सौदा सोडावा. तो डाग बहुधा जात नाहीं. विजेचा खर्च मात्र बराच, आणि उन्हाळ्यांत खोली तापते ती वेगळीच! घरीं नेतांना संच उभाच न्यावा. कांच जड असते.