सौम्य लेसर : जखम आणि वेदना यांवरील मंद प्रकाशाचा उपचार

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



लेसर म्हटले की कापणारा, जाळणारा किरण डोळ्यांसमोर येतो. शस्त्रक्रियेतील त्याचे हे उग्र रूप सर्वपरिचित आहे. आजचा विषय त्याच किरणाच्या सौम्य रूपाचा आहे. हा किरण त्वचेवर धरला असता चटका बसत नाही, बहुधा ऊबही जाणवत नाही. म्हणून त्यास ‘थंड लेसर’ असेही म्हणतात. रेंगाळलेली जखम भरून यावी आणि जुनाट दुखणे कमी व्हावे, यासाठी तो वापरला जातो. ज्या घरात मधुमेहाने पाय चिघळलेले वडीलधारे माणूस आहे, त्या घराला या उपचाराच्या खरेखोटेपणाची चौकशी करणे भागच पडते.

थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी अमेरिकेत माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर किरण निर्माण केला. पुढे १९६७ च्या सुमारास हंगेरीतील बुडापेस्ट येथे डॉ. एन्द्रे मेस्टर हे लेसर आणि कर्करोग यांचा संबंध उंदरांवर तपासत होते. त्यांच्या जवळचे यंत्र अगदी कमी शक्तीचे होते. त्या किरणाने कर्करोगावर काही घडले नाही; परंतु ज्या उंदरांच्या पाठीवरचे केस काढून तेथे किरण सोडला होता, त्यांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले. एखाद्याने प्रयोग फसला म्हणून वही मिटली असती. मेस्टर यांनी तसे केले नाही. त्यांनी जखमांकडे लक्ष वळविले आणि पुढे पायावरील न भरणाऱ्या व्रणांच्या रुग्णांवर हा किरण वापरून पाहिला. यंत्र दुबळे होते, म्हणूनच हा शोध लागला!

हा परिणाम कसा घडतो? सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण असे की, सुमारे ६०० ते १००० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा व अवरक्त प्रकाश त्वचेतून काहीसा खोल जातो. बहुतेक पेशींत ऊर्जा निर्माण करणारे मायटोकॉन्ड्रिया नावाचे सूक्ष्म घटक असतात. त्यांतील सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर हा प्रकाश शोषून घेते. त्यामुळे पेशीला ऊर्जा अधिक मिळते, रक्तप्रवाह सुधारतो आणि दाह उतरतो, असे मानले जाते. रशियन संशोधिका टीना कारू यांनी या दिशेने दीर्घकाळ काम केले.

येथे मात्रेचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. दर चौरस सेंटिमीटरला किती जूल ऊर्जा द्यावयाची, हे मोजावे लागते. मात्रा कमी पडली तर काहीच घडत नाही. फार झाली तर लाभ नाहीसा होतो, क्वचित भरून येण्याची क्रिया मंदावते. ‘पैसे भरले आहेत, अजून पाच मिनिटे धरा’ असा आग्रह काही रुग्ण प्रेमाने करतात. तो आग्रह उपचारकाने मानू नये.

पुरावा सर्व आजारांत सारखा नाही. मानेच्या दुखण्यावरील १६ चाचण्यांचा, एकूण ८२० रुग्णांचा आढावा २००९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. जुनाट मानदुखीत उपचार संपल्यानंतर २२ आठवड्यांपर्यंत वेदना कमी राहिल्याचे त्यात दिसले. याहून भक्कम बाजू आहे ती तोंडाच्या व्रणांची. तोंड व घसा यांच्या कर्करोगावर किरणोपचार घेताना तोंड इतके सोलवटते की पाण्याचा घोटही गिळवत नाही, आणि पुष्कळदा त्यापायी मूळ उपचारच थांबवावा लागतो. अशा रुग्णांवर मणिपाल येथे हेलियम-निऑन लेसर वापरून केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात व्रण व वेदना दोन्ही कमी आढळल्या. २०१८ साली ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनेही तोंडाच्या या व्रणांसाठी सौम्य लेसरचा पुरावा पुरेसा मानला. तंबाखूने ग्रासलेल्या या देशात ही गोष्ट लहान नाही.

ज्या पायाच्या व्रणांपासून मेस्टर यांनी रुग्णांवरील उपचाराला आरंभ केला, तेथील चित्र मात्र धूसर आहे. अशुद्ध रक्तवाहिन्यांच्या दोषाने होणाऱ्या व्रणांवरील चाचण्यांचा आढावा नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कोक्रेन या संस्थेने घेतला, तेव्हा लाभाचा पुरावा आढळला नाही. मधुमेही पायाच्या काही छोट्या अभ्यासांत जखम लवकर भरल्याचे दिसते. पण तेथेही लेसर हा जोड-उपचारच आहे. रक्तातील साखर आटोक्यात आणणे, मृत भाग काढणे, जखमेवरचा भार हटविणे आणि पायाचा रक्तपुरवठा तपासणे, ही कामे कोणताही किरण करीत नाही. दहा बैठकांचे पैसे आगाऊ भरून घरची मंडळी निर्धास्त होतात आणि आत पू वाढत राहतो. मग बोटावर भागले असते तेथे पाय काढावा लागतो. काळसर पडलेले बोट, दुर्गंधी वा ताप दिसताच प्रथम शल्यचिकित्सकाकडे जावे.

कर्करोगाच्या गाठीवर तसेच गर्भवतीच्या पोटावर हा किरण सोडत नाहीत. प्रकाशाने त्वचा हुळहुळी होईल अशी औषधे चालू असल्यास ती आधी सांगावीत. उपचारावेळी रुग्ण व उपचारक दोघांनीही त्या तरंगलांबीसाठी असलेला संरक्षक चष्मा घालावा. अवरक्त किरण दिसत नाही. त्यामुळे तो डोळ्यात गेला तरी पापणी आपणहून मिटत नाही.