‘हू’, ‘व्हिच’ आणि ‘पर्यंत’
(अल खोर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



डॉक्टरने व्याकरणावर बोलावे, हे आपणांस काहीसे विचित्र वाटेल. परंतु आम्हांस हा विषय रुग्णांनीच शिकविला. मागे येथील एक मराठी तरुण तापाने फणफणलेल्या अवस्थेत आमच्याकडे आला. त्याच्या भावाबरोबर राहणाऱ्या कामगाराने इंग्रजीत चिठ्ठी दिली होती : ‘ही इज द ब्रदर ऑफ माय रूममेट हू इज ॲलर्जिक टु पेनिसिलिन.’ इंग्रजीत ‘हू’ सहसा लगतच्या नामास चिकटतो. म्हणजे ॲलर्जी रूममेटला! आम्ही चिठ्ठी बाजूस ठेवून मराठीत विचारले, ‘ज्याला पेनिसिलिन चालत नाही, तो कोण?’ त्याने स्वतःच्याच छातीकडे बोट केले.

आपल्या भाषेत ‘जो’ आला की मागोमाग ‘तो’ येतो आणि त्या जोडीतून नामाचा ठाव लागतो. इंग्रजीत ही जोडी नाही. सारा भार शब्दाच्या जागेवर पडतो. म्हणून ज्याच्याविषयी सांगावयाचे, त्याच्या शेजारीच ‘हू’ ठेवावा. ते न साधल्यास सरळ दोन वाक्ये करावीत. त्यात कमीपणा मुळीच नाही.

बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने घडविलेल्या संविधानात हे सर्वनाम किती जपून वापरले आहे, ते अनुच्छेद 16(4) च्या इंग्रजी पाठात पाहावे. तेथे नागरिकांच्या मागास वर्गाचा उल्लेख झाल्यावर ‘व्हिच’ येतो आणि पुढे ‘इज’ हे एकवचनी क्रियापद. ‘सिटिझन्स’ हे अनेकवचन अगदी लगत असूनही ‘व्हिच’ त्यास ओलांडून ‘क्लास’कडे जातो, हे त्या ‘इज’वरून ठरते. राज्याच्या सेवांत प्रतिनिधित्व पुरेसे आहे किंवा नाही, हे वर्गाचे पाहावयाचे. एकट्यादुकट्या नागरिकाचे नव्हे. एवढा अर्थ एका लहानशा क्रियापदाने सांभाळला आहे.

शब्दयोगी अव्ययांची अडचण निराळी. आपले एक अव्यय इंग्रजीत दोन ठिकाणी विभागले जाते. ‘दहा तारखेपर्यंत गावी राहीन’ येथे क्रिया चालू राहते, म्हणून ‘टिल’. ‘दहा तारखेपर्यंत कामावर हजर होईन’ येथे मुदत आहे, म्हणून ‘बाय’. रजेच्या अर्जात दोन्हीकडे ‘टिल’ लिहिले, की वाचणारा गोंधळतो आणि त्रास आपल्या माणसाला होतो. ‘पासून’चेही तसेच : सोमवारपासून ताप असेल तर ‘सिन्स मंडे’, तीन दिवसांपासून असेल तर ‘फॉर थ्री डेज’. आम्ही स्वतः एम.बी.बी.एस. झाल्यावरही कितीतरी वर्षे केसपेपरवर ‘सिन्स थ्री डेज’ लिहीत होतो. आमचे वरिष्ठही तसेच लिहीत. मग दुरुस्त कोण करणार?

ज्यांचे रजेचे वा तक्रारीचे अर्ज लिहून तयार आहेत, त्यांनी ते भोजनानंतर आमच्याकडे आणावेत. आम्ही मागच्या रांगेत पेन घेऊन बसलेले असू.