लांबून सांभाळायचं म्हणजे
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"तुझ्या कामाबद्दल पाच मिनिटं बोल, पण आम्हाला कळेल असं बोल," अशी अट संयोजकांनी घातली आहे. एका वाक्यात सांगायचं तर, मी लोकांच्या घरातले फोनचे डबे सांभाळते, आणि त्यातलं एकही घर मी पाहिलेलं नाही.

आपल्या लहानपणी फोन म्हणजे तांब्याची तार. आवाज त्या तारेतून एक्स्चेंजपर्यंत जायचा आणि फोनला लागणारी ४८ व्होल्टची वीजही तिथूनच यायची. इंटरनेटला मात्र फक्त आकडे कळतात. म्हणून मध्ये एक डबा लागतो. तो आपला आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतो, त्या आकड्यांची छोटी पाकिटं करतो आणि इंटरनेटवर सोडतो. याला म्हणायचं टेलिफोन ॲडॉप्टर. "आमच्याकडे असलं काही नाही," असं म्हणू नका. फायबरच्या डब्यात लँडलाइनची वायर खोचली असेल, तर ॲडॉप्टर त्या डब्याच्या पोटातच आहे.

या डब्याला तीन गोष्टी माहीत असाव्या लागतात: आपला नंबर, पासवर्ड आणि सर्व्हरचा पत्ता. लाखो घरांत जाऊन हे कोण भरणार? म्हणून डबा पहिल्यांदा चालू झाला की स्वतःच कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, "मी अमुक अमुक, माझी सेटिंग कोणती?" त्याची ओळख म्हणजे बुडाशी चिकटवलेल्या लेबलवरचा १२ अक्षरी क्रमांक, मॅक ॲड्रेस. तो ओळखून सर्व्हर त्याला त्याची फाइल देतो.

पुढचा भाग तुम्हाला चांगला माहीत आहे, कारण ती हजेरी आहे. डब्याला ठरावीक वेळाने सर्व्हरला "हजर" म्हणावं लागतं, आणि या पद्धतीत त्या निरोपाचं नावच 'रजिस्टर' आहे. हजेरी चुकली की सर्व्हर गैरहजेरी लावतो आणि येणारे फोन घरी पोहोचत नाहीत. "फोन लागतो, पण येत नाही," ही तक्रार बहुतेक वेळा इथलीच. कारण घरचा राउटर बाहेरच्याला सहसा दार उघडत नाही. आतून कोणी बाहेर बोललं, तरच थोडा वेळ ते किलकिलं ठेवतो. म्हणून डब्याने थोड्या थोड्या वेळाने आतून आवाज देत राहायचं असतं.

आता लांबून दुरुस्ती. त्यासाठी टीआर-०६९ नावाची पद्धत २००४ मध्ये आली. तिच्यात डबाच अधूनमधून सर्व्हरला फोन करून "काही निरोप?" असं विचारतो. सोय मोठी आहे आणि धोकाही तेवढाच. मी नेटवर्कची चुकीची सेटिंग पाठवली, तर डबा परत विचारायलाच येणार नाही. बसलेली फांदी तोडण्यातला प्रकार. त्यामुळे आमच्याकडे नियम कडक आहेत. नवा बदल आधी मोजक्या डब्यांवर. कोणी बोलत असताना डबा पुन्हा चालू करायचा नाही. आणि सॉफ्टवेअरच्या दोन प्रती ठेवायच्या, म्हणजे नवी चालली नाही तर डबा आपला आपण जुनीवर परत येतो.

दुसरा धोका बाहेरचा. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट आणि फोन कोलमडले. देखभालीसाठी असलेल्या ७५४७ क्रमांकाच्या दारावर हल्लेखोरांनी धडका मारल्या होत्या. दुरुस्तीसाठी ठेवलेलं दार चोरालाही दिसतं, हे तेव्हा सगळ्या जगाला कळलं.

हे सगळं आज इथे सांगण्याचं कारण वेगळं आहे. आपल्यातले निम्मेअधिक जण पुण्या-मुंबईला, बंगळुरूला किंवा परदेशात आहोत, आणि आई-वडील इथे. मोबाइल त्यांना दिलाय, पण तो चार्ज करायचा राहतो, सायलेंटवर पडतो. घरातला लँडलाइन ते अजून धावत येऊन उचलतात. फक्त एक बदल त्यांना कोणी सांगितलेला नाही: पूर्वी लाइट गेले तरी फोन चालायचा, कारण वीज एक्स्चेंजची होती. आता लाइट गेले की डबा बंद, आणि डबा बंद की फोन बंद.

म्हणून या सुट्टीत घरी असाल तेवढ्यात चार कामं करा. डब्याला छोटा यूपीएस लावा. डब्याचा मूळ पासवर्ड बदला आणि नवा वहीत लिहून ठेवा. परदेशी फोन लावायचे नसतील तर आयएसडी बंद करून घ्या, कारण चोरलेल्या लाइनवरून रात्रीत महागडे कॉल केले जातात आणि बिल आपल्या नावावर येतं. आणि आई-बाबांना बजावून सांगा, "कंपनीतून बोलतोय, पासवर्ड सांगा," असं कोणीही म्हणालं तरी फोन ठेवून द्यायचा. खऱ्या कंपनीला तो विचारावाच लागत नाही.

इतकी वर्षं हे काम करून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. कितीही चांगली यंत्रणा बांधली, तरी एका टप्प्यावर स्क्रीनसमोर बसून काहीच करता येत नाही. तिथे कोणीतरी जाऊन स्विच बंद करून चालू करावा लागतो. आपल्या बॅचमध्ये हे काम कोण करतं, ते आपल्याला माहीत आहे. जे गावात राहिले, ते. आपला एक फोन गेला की ते आपल्या आईकडे जातात, डबा बघतात, औषधं आणून देतात आणि वर आपल्यालाच सांगतात, "काळजी करू नकोस."

ही माणसं आज या सभागृहात मागच्या रांगांत बसली आहेत आणि जेवणाची व्यवस्थाही तीच बघताहेत. जेवायला बसण्याआधी त्यांच्याजवळ जा. त्यांच्याकडे तुमचा चालू नंबर आहे का, एवढं विचारा. आणि महिन्यातून एकदा, काही काम नसतानाही, त्यांना फोन करा.